मावशीची कादंबरी आणि माझी गूगल शीट

ज्यांचे इअरफोन घरी राहिलेत किंवा जे आत्ता बसमध्ये उभ्याने वाचतायत, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून काढलाय. अडखळलो तेवढं गाळलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आज कोडबद्दल बोलायचं नाहीये. म्हणजे, थोडंसं आहे. विषय असा की कादंबरी लिहून झाली, आता प्रकाशकाकडे पाठवायची, तर त्याआधी तिच्यातला मेळ कसा तपासायचा? शुद्धलेखन नाही हं. शुद्धलेखन बघून देणारे लोक मिळतात. मेळ म्हणजे तिसऱ्या प्रकरणात डाव्या पायाने लंगडणारा माणूस विसाव्या प्रकरणात उजव्या पायाने लंगडत नाहीये ना, ते बघणं.

मी यात पडलो माझ्या मावशीमुळे. मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, लातूर जिल्ह्यात, बहुतेक नोकरी औसा तालुक्यातल्या गावांत. आठ वर्षं खपून तिने कादंबरी लिहिली. १९७२ च्या दुष्काळापासून १९९३ च्या भूकंपापर्यंतची, एका गावाची आणि गोदा नावाच्या बाईची गोष्ट. चार वर्षांपूर्वी तिने ती एका प्रकाशकाकडे पाठवली. सात महिन्यांनी बाड परत आलं, सोबत अर्ध्या कागदावर चिठ्ठी: काळाचा आणि पात्रांचा गोंधळ आहे. बस्स, एवढंच. मावशीने बाड पत्र्याच्या ट्रंकेत टाकलं आणि विषय बंद केला. कोणी विचारलं तर म्हणायची, "आपलं काम शिकवायचं. लिहायचं काम लिहिणाऱ्यांचं."

मागच्या दिवाळीत मी ती ट्रंक उघडली. मावशीला म्हटलं, दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधायचा मला पगार मिळतो, तुझ्या फुकट शोधतो. ती म्हणाली, "शोध. पण माझ्यासमोर हसायचं नाही."

तर पहिली चूक मी केली. इंजिनिअर करतो तीच. वाचायच्या आधीच सर्च मारायला बसलो.

अर्धी कादंबरी औशातल्या एका डीटीपीवाल्याने जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली, आणि तो फॉन्ट युनिकोड नव्हता. माझ्या लॅपटॉपवर उघडली की नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा. उरलेली अर्धी मावशीने फोनवर टाइप केलेली. पहिली अर्धी कन्व्हर्टरमधून काढली आणि दोन्ही जोडल्या. दिसायला एक झाल्या, आतून नाही. ‘म्हाताऱ्या’ या शब्दातला तो आडवा र दोन वेगळ्या प्रकारे टाइप होतो. डोळ्याला दोन्ही सारखे, कंप्युटरला दोन वेगळे शब्द. ‘ॲल्युमिनियम’च्या ‘ॲ’चंही तेच. म्हणजे डब्याचा उल्लेख नऊ वेळा आहे आणि सर्च म्हणतो चार. त्यात आपली विभक्ती. ‘सासरा’ शोधलं तर ‘सासऱ्याने’, ‘सासऱ्याला’ हाताला लागत नाहीत. उलट ‘गोदा’ शोधलं तर प्रत्येक ‘गोदाम’ आणि ‘गोदावरी’ समोर येऊन उभी.

आणि मग मी तो प्रकार केला जो तुम्ही कधीही करू नका. गावातल्या सावकाराचं नाव कादंबरीत राम होतं. त्याच गावात त्याच नावाचा खरा माणूस होता, म्हणून मावशी म्हणाली माधव कर. मी ‘रिप्लेस ऑल’ दाबलं. राम या अक्षरांच्या जागी सगळीकडे माधव. दुसऱ्या दिवशी मावशीचा फोन: "अरे, ही ‘ग्माधवपंचायत’ कुठली?" ग्रामपंचायत गेली, प्रामाणिक माणूस ‘प्माधवाणिक’ झाला, आणि दुपारी जेवून सगळे ‘आमाधव’ करत होते. न हसायची अट तिनेच मोडली.

तेव्हा नाव बदलायचं तर एकेक जागा डोळ्याने बघून बदला. दोनशे जागा असतील तर दोनशे वेळा. आणि सर्चला लागायच्या आधी सगळी फाइल एकाच पद्धतीच्या युनिकोडमध्ये आणून घ्या, नाहीतर ‘सापडलं नाही’ या उत्तराला काही अर्थ नाही.

मग शहाणा झालो. सगळी कादंबरी छापून घेतली, ३१२ पानं, आणि पेन्सिल घेऊन एका दमात वाचली. चार दिवस लागले. एका दमात वाचणं महत्त्वाचं, कारण मेळ हा लक्षात राहण्यावर चालतो. पान ४० वरचं पान २१० ला आठवलं तरच शंका येते. लेखकाला ते जमत नाही, त्यात त्याचा दोष नाही. मावशीने पान ४० आणि पान २१० यांच्यात पाच वर्षं घालवली होती. मधल्या काळात तिने गोदाच्या मावशीची आत्या करून टाकली होती, कारण गोष्टीला वडिलांच्या घरची बाई हवी होती. चौथ्या प्रकरणात ती मावशी, एकोणिसाव्यात आत्या, आणि अकराव्यात गोदाची आई तिला ‘वन्सं’ म्हणते. आपल्याकडे ही भानगड जास्त. इंग्रजीत सगळ्या आँट. मराठीत एका नात्याचा शब्द बदलला की प्रत्येकाने तिला काय हाक मारायची, ती कोणाच्या घरी हक्काने राहू शकते, सगळं बदलतं.

दुसऱ्या वाचनात शीट केली. प्रत्येक प्रसंगाला एक ओळ. रकाने असे: प्रकरण, पान, वर्ष-महिना, तिथी किंवा सण, जागा, कोण हजर आहे, त्यांचं वय, कोण कोणाला काय म्हणतं, आणि शेवटचा रकाना ‘कोणाला काय माहीत आहे’. हा शेवटचा नंतर सांगतो, तोच खरा.

वयाची बेरीज सोपी निघाली. दुष्काळी कामावर खडी फोडणारी, सुकडी खाणारी गोदा १२ वर्षांची. मग भूकंपात ती ३३ ची हवी, लिहिलं होतं चाळिशीची. पत्त्यांमध्येही सापडलं. १९७४ च्या पत्रावर ‘जिल्हा लातूर’. लातूर जिल्हा झाला १९८२ मध्ये, तोवर तो भाग उस्मानाबाद जिल्ह्यात. मावशीला हे माहीत नव्हतं असं नाही, तिने त्याच पत्त्यावर पत्रं घेतली होती! पण लिहिताना हात आजच्या सवयीने चालतो. तसंच १९७९ मध्ये गोदा लातूरला गाडीत बसते आणि थेट मुंबईला उतरते. तेव्हा लातूरला बार्शी लाइनची अरुंद रुळांची छोटी गाडी होती, मुंबईसाठी कुर्डुवाडीला गाडी बदलायला लागायची. हे दुरुस्त करताना मावशीला कुर्डुवाडीच्या फलाटावरचा एक आख्खा प्रसंग सुचला. पोरगी पहिल्यांदा मोठी गाडी बघते तो. माझ्या मते तो कादंबरीतल्या चांगल्या पानांपैकी आहे, आणि तो एका चुकीतून आला.

बैलाचं सांगायलाच पाहिजे. १९७३ च्या उन्हाळ्यात चारा नाही म्हणून ढवळ्याला बाजारात विकतात. गोदाचा बाप रडतो, वाचताना मीही थोडा. पुढच्या वर्षी पोळ्याला ढवळ्या रंगवलेल्या शिंगांनिशी हजर. मावशीचा चेहरा पडला. मी म्हटलं, बाई, तू एकटी नाहीस. ‘दोन किहोते’ ही १६०५ ची कादंबरी, तिच्यात सांचोचं गाढव नाहीसं होतं आणि पुढे काही न सांगता परत येतं. लोकांनी इतकं छेडलं की सर्व्हान्तेसने १६१५ च्या दुसऱ्या भागात पात्रांच्याच तोंडी त्यावर चर्चा घातली आणि चूक छापणाऱ्यावर ढकलायचाही प्रयत्न केला. डॉक्टर वॉटसनला लागलेली गोळी १८८७ च्या पुस्तकात खांद्यात आहे, १८९० च्या पुस्तकात पायात. मावशी म्हणाली, "ते मोठे लोक. माझं बाड परत येतं." तिचा मुद्दा बरोबर होता. नव्या लेखकाच्या एका बैलामुळे कोणी बाड परत करत नाही, पण बैल दिसल्यावर वाचणारा सावध होतो आणि मग प्रत्येक ओळीकडे संशयाने बघतो. मौजेचे श्री. पु. भागवत किंवा राम पटवर्धन यांच्यासारखा हस्तलिखितावर मान मोडून बसणारा संपादक सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. आपणच बसायचं.

आता दुरुस्तीतून नवी चूक कशी होते ते. आमच्या धंद्यात याला रिग्रेशन म्हणतात. गोदाचा नवरा गिरणीत कामाला. संपामुळे दोघं १९८१ च्या दिवाळीत गावी परततात आणि महाशिवरात्रीला मुलगा होतो, वसंता. पण गिरणी संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ ला. दिवाळीत परत येणार कसे? मी ऐटीत तारीख सरकवली, परतणं मे महिन्यात नेलं. शीटमध्ये बघतो तर वसंता आता मुंबईच्या चाळीत जन्मला, आणि सोळाव्या प्रकरणात गावची सुईण त्याच्या जन्माची रात्र सांगते! दोन दिवस डोकं खाजवलं. मावशीने भाजी निवडता निवडता सोडवलं. "अरे, पहिलं बाळंतपण माहेरी असतं ना. ती दिवाळीला एकटी आली. तो संपानंतर आला, सासुरवाडीत राहायला, मान खाली घालून." गाव गोदाचं माहेरच होतं. सगळं जागेवर बसलं, फक्त बारशाच्या प्रसंगातून बापाला काढावं लागलं. म्हणून एक तारीख बदलली की तिला चिकटलेल्या सगळ्या ओळी परत वाचायच्या. चुकलेलं पान दुरुस्त झालं म्हणून पुढे जायचं नाही.

‘कोणाला काय माहीत’ हा रकाना मी वाटलं म्हणून घातला होता. त्यात सगळ्यात मोठी चूक निघाली. अकराव्या प्रकरणात गोदा भावाला टोमणा मारते, "जमीन गहाण टाकणाऱ्याने मला शिकवू नये." फर्मास वाक्य. पण जमीन गहाण पडल्याचं तिला कळतं सतराव्या प्रकरणात, आणि तिथे ती हादरते! कुठलाही सर्च हे शोधू शकत नाही, कारण दोन्ही जागी एकही शब्द चुकलेला नाही. लेखकाला सगळं आधीच माहीत असतं, ते पात्राच्या तोंडातून गळतं. यावर उपाय एकच सापडला: एकेका पात्राचे फक्त प्रसंग क्रमाने वाचायचे, बाकी सगळं झाकून. गोदा, मग भाऊ, मग नवरा. टोमणा कापला. मावशीला जीवावर आलं.

तुमच्यातले काही जण मघापासून विचारत असतील, एआयला का नाही दिलं? एक प्रकरण दिलं होतं, मावशीला विचारून. वय त्याने पटकन पकडलं. पण त्याने एक ‘चूक’ काढली जी मीही काढली होती, आणि आम्ही दोघंही चुकलो होतो.

भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला झाला, पहाटे चारला काही मिनिटं कमी. वार गुरुवार. सुमारे १० हजार माणसं गेली. कादंबरीतली आजी म्हणते, "बुधवारी रात्री धरणी हालली." आणि पंचनामा करणारा माणूस लिहितो गुरुवार. मी लाल रंग मारला. मावशी म्हणाली, "काय बघायलास? आजीचा दिवस सूर्य उगवल्यावर सुरू होतो. आदल्या संध्याकाळी गणपती बोळवले, माणसं झोपली, उजाडायच्या आत घर पडलं. तिच्यासाठी तो बुधवारच." मी गप्प. वसंताच्या दोन जन्मतारखांनाही मी असाच लाल रंग मारला होता, महाशिवरात्र आणि १ जून. मावशी नुसती हसली. शाळेत नाव घालताना गुरुजी जन्मतारीख १ जून टाकायचे. माझ्या बाबांच्या दाखल्यावरही १ जूनच आहे, आणि मी बीटेक होऊन ते विसरलो.

मात्र त्याच प्रकरणात ‘अमावस्येसारखा काळोख’ होता. अनंत चतुर्दशीच्या रात्री चंद्र जवळजवळ पूर्ण असतो आणि पहाटे चारला पश्चिमेकडे वर असतो. हे मी सांगितलं तेव्हा मावशी बराच वेळ थांबली. ती त्या रात्री त्याच तालुक्यात होती. म्हणाली, "मला अंधारच आठवतो." मग थोड्या वेळाने, "धूळ होती. दगड-मातीच्या भिंती आणि वरचं माळवद, सगळं खाली आल्यावर धूळ किती उठते... चंद्र असेल, दिसत नव्हता." आता तिथे धूळ आहे.

आणि एक सांगतो, मग संपवतो. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरते. बाई हजेरी घेतात. वर लिहिलंय, पटावर २७ मुलं. मी नावं मोजली, २८. मी फोनवर, आपल्या नेहमीच्या स्टाइलने, "मावशी, एक एक्स्ट्रा आहे, कोणाला उडवू?"

पलीकडून काही आवाज नाही. मला वाटलं रेंज गेली.

मग ती म्हणाली, "तो उडवायचा नाही. तो नव्हता तिथे. पण हजेरी घेताना तोंडात नाव यायचंच. कितीतरी दिवस यायचं." ती कादंबरीतल्या बाईंबद्दल बोलत होती की स्वतःबद्दल, ते मी विचारलं नाही.

मी शीट बंद केली त्या दिवशी. माझा जन्म भूकंपानंतरचा. मला २७ आणि २८ दिसले, ती हजेरी दिसली नाही. पण अडचण खरी होती. मी तिचा भाचा असून चूक समजलो, तर प्रकाशकाकडचा वाचक काय समजेल? बहुतेक त्या चिठ्ठीतला ‘पात्रांचा गोंधळ’ यातलाच थोडा होता. तेव्हापासून आम्ही एक गोष्ट पाळली. विसंगती मुद्दाम ठेवायची असेल, तर ती कथेतल्या कोणाच्या तरी लक्षात आली पाहिजे, मग वाचणाऱ्याला कळतं की लेखकालाही ठाऊक आहे. आजी बुधवार म्हणते तेव्हा पंचनामेवाला म्हणतो, "आजी, गुरुवार." आजी म्हणते, "तुमचा असेल." हजेरीत त्या नावानंतर मावशीने एकच ओळ घातली. पहिल्या रांगेतली मुलगी मागे वळून बघते. कुठे ते लिहिलं नाही.

असंच ‘अहो’चं. गोदा चौदाव्या प्रकरणापासून नवऱ्याला ‘अरे’ म्हणायला लागते, त्या भांडणाच्या रात्रीपासून. ते मुद्दाम. सोळाव्यात परत ‘अहो’ येतं, ती मात्र चूक. दोन्ही मला सारखेच दिसले होते. म्हणून माझ्या शीटमध्ये आता लाल रंग नाही, फक्त प्रश्नचिन्ह. तपासणाऱ्याने दुरुस्ती करायची नाही, विचारायचं. एकूण ६४ प्रश्न झाले. ४१ खऱ्या चुका, १४ ठिकाणी माझं अज्ञान, आणि ९ जागा अशा जिथे मावशी बरोबर होती पण पानावर ते दिसत नव्हतं. सगळ्यात जास्त वेळ त्या नऊंवर गेला.

गेल्या सोमवारी आम्ही बाड दुसऱ्या एका प्रकाशकाकडे स्पीड पोस्टाने पाठवलं. पावती मावशीने दाखल्यांच्या फायलीत लावली, निवृत्तीच्या कागदांशेजारी. बुधवारी रात्री साडेदहाला तिचा फोन. मला वाटलं तब्येत.

"अरे, पान २११."

"काय झालं?"

"ढवळ्या पाणी पितोय."

मी शीट उघडली. पोळ्याचा प्रसंग दुरुस्त केला होता, हा विहिरीवरचा माझ्याही नजरेतून सुटला होता. सुधारलेलं एक पान मागून पाठवायचं का, यावर अर्धा तास बोललो. मावशीच शेवटी म्हणाली, राहू दे, प्रुफाच्या वेळी काढू. चार वर्षांत ‘प्रुफाच्या वेळी’ हे शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले.